कमरेचा दोर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. चोरी कोणत्या गावची आणि चोर कोणत्या गावचा, याचा मेळ लागत नाही. पूर्णेच्या डोहावरचे ते प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. ते आठवले की मला आधी आरोपी दिसत नाही, मर्गाच्या रजिस्टरातले माझे स्वतःचे अक्षर दिसते.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणे लहान. एक जमादार, सात शिपाई, एक कोठडी आणि अंगणात एक कडुलिंब. कामही ठरलेले. बैलांच्या चोऱ्या, शेताच्या धुऱ्यावरून झालेली भांडणे, आठवडी बाजाराचा बंदोबस्त. त्याखेरीज मर्ग. विहिरीत पडून, साप चावून किंवा झाडावरून पडून कोणी मेले की त्याची वेगळ्या रजिस्टरात नोंद होई, तिला मर्ग म्हणत. गावच्या पाटलाचा निरोप आला की जायचे, पाच पंच बोलवायचे, प्रेत पाहायचे, दोन-तीन जबाब घ्यायचे. घातपाताचा संशय नसेल तर तसे लिहून प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे. एका दिवसात काम संपे. मी ते नीट करत होतो, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी आमच्या हद्दीत पूर्णेवर पूल बांधायचे काम चालू होते. कामासाठी ठेकेदाराने खालच्या अंगाला मातीचा बांध घातला होता. त्यामुळे वर पाणी तुंबून दोन पुरुष खोल डोह झाला होता. दगडाची खाण पलीकडच्या काठाला आणि पुलाचे खांब अलीकडे. दगड चढवायला-उतरवायला दोन्ही काठांना सागाच्या खांबांचा धक्का बांधला होता आणि मधल्या पाण्यातून दगड तराफ्यावरून आणत. तराफा म्हणजे दोन मोठे डोंगे शेजारी बांधून वर ठोकलेल्या फळ्या. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता. तराफ्यावर सहा मजूर उभे राहत आणि तो दोर हाताने ओढत तराफा पुढे नेत. सातवा त्यांचा मुकादम.

हे मजूर काळ्या जमिनीत वाढलेले. नदी त्यांना बैल धुण्यापुरती माहीत. पोहता येणारा त्यांच्यात एखादाच. पावसाळ्याआधी खांब पाण्याच्या वर यायला हवेत, अशी ठेकेदाराला घाई होती, म्हणून दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तराफा फक्त जेवणापुरता थांबे.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत पहिला माणूस बुडाला. ओल्या फळीवरून पाय घसरला आणि तो तराफ्याखाली गेला. तीन दिवसांनी प्रेत बांधाजवळ वर आले. मी गेलो, पंचनामा केला. मुकादमाला विचारले, "दारू पेला होता का?" मुकादम प्रेताकडे पाहत म्हणाला, "हाव जी, थोडी घेतली होती." मी तसे लिहिले. ओळ अशी होती: नशेत तोल जाऊन पाण्यात पडला, घातपाताचा संशय नाही.

दुसरा माणूस ऐन थंडीत, पौषात गेला. तो शेंदूरजनाघाटकडचा, संत्र्याच्या बागांना पाणी देणारा. या खेपेस प्रेत त्याच दिवशी मिळाले. अंगाला दारूचा वास येत होता. बोटांची टोके सोललेली होती. मी लिहिले, पाण्यातील दगडांनी खरचटली असावीत. बाकीची ओळ मागच्यासारखीच.

तिसरा होळीच्या आसपास. तो अकोल्याच्या जुन्या शहरातला, पूर्वी जिनिंगमध्ये कामाला होता. चार वाजता बुडाला आणि सूर्य मावळायच्या आत मी घोड्यावरून पोहोचलो. प्रेत धक्क्याशेजारी वाळूत ठेवले होते. वर धोतर टाकलेले. तोंडाला आणि बंडीला दारूचा वास. मुकादम माझ्या शेजारी हात बांधून उभा होता. पंच म्हणाले, पेला असेल. उजेड कमी होत चालला होता. मी वरवर पाहणी केली, सकाळी प्रेत ताब्यात देऊ म्हणून सांगितले आणि गावातल्या चावडीवर मुक्काम केला.

सकाळी लवकर नदीकडे जाताना वाटेत डांगरवाडी लागली. उन्हाळ्यात पूर्णेच्या वाळूत लोक डांगर म्हणजे खरबूज, काकडी, वांगी लावतात, तशी ती एका नवरा-बायकोची वाडी होती. बाई पन्नाशीची असेल. वाळूत खणलेल्या झिऱ्यातून ती पाणी भरत होती. मला पाहून तिने लोटा पुढे केला.

"पानी पेऊन घ्या, साहेब."

मी पाणी प्यालो. लोटा परत घेताना माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मंग, लिवलं का तुमी? पेलेला होता म्हनून?"

"वास येत होता, बाई."

"वास तं येईनच. मेल्यावर वतली त्याच्या तोंडात. आंगावरबी सांडली."

मी थांबलो. "तुम्ही पाहिलं?"

"मी इथंच वांगे तोडून राह्यली होती. माह्ये डोये काही गेले नाई अजून. त्याले वरतं काढलं, मंग मुकादम झोपडीत जाऊन शिशी घेऊन आला."

"मग काल का नाही सांगितलं?"

"काल तो तुमच्या बाजूले उभा होता ना. त्याइच्या कामावरचा भटारखाना माह्यी भाजी नेते. उद्यापासून नेली नाई, तं मी या वांग्यायचं काय करू?" ती वाकून पुन्हा घागर भरू लागली. मला वाटले, बोलणे संपले. मग ती म्हणाली, "पन त्या मानसानं कदी थेंब नाई पेला. इथं येऊन बसे. डांगराची फोड खाये, लेकराइचं सांगे. साहेब, त्याची कंबर पाहून घ्या. न्यायच्या आंधी पाहून घ्या."

मी धक्क्यावर गेलो, सगळ्यांना दूर उभे केले आणि जमादारांना धोतर बाजूला करायला लावले. कमरेभोवती बोटभर रुंदीचा लाल-काळा वळ होता. डाव्या बाजूला कातडी पार सोलून निघाली होती. मग मी हात पाहिले. दहाही बोटांची टोके फाटलेली आणि नखांत पिवळट धागे. अंबाडीचे धागे. जमादार पुष्कळ वर्षांचे नोकरदार. त्यांनी नखातला एक धागा ओढून पाहिला. मग म्हणाले, "साहेब, हा गाठ सोडवत होता."

पौषातल्या माणसाची बोटे मला तेव्हा आठवली.

प्रेत बैलगाडीने स्टेशनपर्यंत आणि तिथून रेल्वेने अकोल्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवले. तराफा तपासला, तेव्हा फळ्यांखालच्या आडव्या लाकडाला सहा ठिकाणी दोराची टोके बांधलेली सापडली. पाच टोके जुनी, मळलेली. सहावे कोयत्याने ताजे तोडलेले. ते जप्त केले. दुसऱ्या दिवशी सर्जनचा अहवाल आला. मृत्यू बुडून, पोटात दारू नाही, कमरेवरचा वळ जिवंतपणीचा.

जिवंत माणसाला बांधून बुडवले आणि वर दारू ओतली, असाच याचा अर्थ मी घेतला. खुनाचा गुन्हा नोंदवला आणि मुकादमाला ठाण्यावर आणून बसवले. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. एका मजुराने असेही सांगितले की दोन दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाचे आणि मुकादमाचे भांडण झाले होते. तराफ्यावर दगड फार होतात, मी चढत नाही, असे तो माणूस म्हणाला होता. मला कारणही मिळाले. दोन दिवस मी त्या एकाच रस्त्याने चालत राहिलो. बाकीचे मजूर एकेक बोलावले. सगळ्यांचा जबाब एकच: "पेलेला होता, साहेब." घोकून आल्यासारखा. आणि सांगताना प्रत्येक जण जमिनीकडे पाही.

मुकादम तर काहीच बोलेना. भाकरी दिली तर खाई, पाणी दिले तर पिई, प्रश्न विचारला की मान खाली घाली. जमादार म्हणाले, "साहेब, दोन घंटे माझ्या ताब्यात द्या. पोपटासारखा बोलेल." मी नाही म्हणालो. मी फार दयाळू होतो असे नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, आणि मला नेमके काय हवे आहे तेच तोपर्यंत कळत नव्हते. माणूस मारायचा तर इतक्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, भरल्या तराफ्यावर कोण मारतो? हा प्रश्न मला सुटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोणालाही न कळवता एकटाच नदीवर गेलो. जेवणाची सुट्टी होती. तराफ्यावरचे मजूर धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात अंग धूत होते. मी वरून पाहत होतो. एकाच्या कमरेवर काळपट पट्टा दिसला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. पाचही जणांच्या कमरेवर तोच पट्टा, गाडीच्या बैलाच्या मानेवर पडतो तसा घट्टा.

मी खाली उतरलो. त्यांनी घाईने धोतरे वर ओढली. एकाला विचारले, "हा वळ कशाचा?"

"करदोड्याचा, साहेब."

"करदोडा इतका जाड असतो?"

त्यांच्यात एक वयस्क माणूस होता. तो पाण्यातून बाहेर आला आणि ओल्या अंगानेच माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, मुकादमाले फाशी होईन का?"

"ते मी कसं सांगू? खरं कळल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही."

"त्यानं मारलं नाई जी कोनाले. त्यानं आमाले वाचवासाठीच बांधलं होतं. आमीच खोटं बोललो. खरं सांगतलं तं त्याले धरतीन अन् काम बंद पडन, म्हनून."

ठाण्यावर परतलो, तेव्हा ऊन उतरले होते. मुकादमाला कोठडीतून बाहेर काढून कडुलिंबाखाली बसवले. मी त्याला सांगितले, मजुरांनी सगळे सांगितले आहे, आता तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. त्याने चेहरा हातांनी झाकला. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडू लागला. आम्ही थांबलो. मग तो बोलला, ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतले होते.

"पयला मेला तो माह्या गावचा होता, साहेब. माह्या भरवशावर त्याच्या मायनं पाठवला होता. तीन दिवस मुर्दा नाई सापडला. ते माय इथं काठावर बसून राह्यली. तीन दिवस. मले इचारे, कुठं हाय रे माह्यं लेकरू? मी काय सांगू? मंग मी म्हनलं, आता कोनी वाहून जाऊ नये. अंबाडीचा दोर आनला, साही जनाइच्या कमरेले बांधला, अन् दुसरं टोक लाकडाले. पडला तरी दोर धरून वर येईन."

"आणि पौषात?"

"पौषात तराफा कलंडला. गोटे एका अंगाले सरकले. साही जन पान्यात गेले. पाच जन दोर धरून वर आले, साहेब! त्याइले पोहता येत नाई. दोर नसता तं साही गेले असते. एक राह्यला. त्याच्या अंगाले तराफा दबला होता. दोर आखूड पडला. ओली गाठ, सुटंना. मी कोयत्यानं तोडला, पन तवरिक..."

"पुन्हा तसाच बांधलास?"

"काय करू मंग? सोडला तं वाहून जातीन, बांधला तं दबून मरतीन. मले काही समजेना. पाच वाचले, हेच मी धरून बसलो. अन् होळीलेबी तेच झालं."

"ठेकेदाराला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं. गोटे कमी टाका म्हनलो. तो म्हने, पावसाच्या आंधी खांब झाले पायजेन."

"आणि दारू? दारू कशाला ओतलीस?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले. "पयल्या खेपेले तुमीच इचारलं होतं ना, पेला होता का म्हनून. तो पेला नव्हता. मी भेवानं हाव म्हनलो. तुमी तेवढं लिवलं, सही केली अन् गेले. तवा मले समजलं, का पेलेला असला म्हंजे कोनी काही इचारत नाई."

जमादारांनी लिहिणे थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लिहा. जे बोलला ते सगळे लिहा.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे नेले. तिथेही त्याने तेच सांगितले. खुनाचे कलम काढून निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे आणि पुरावा नाहीसा करणे, ही कलमे लावली. मी सुपरिंटेंडेंट साहेबांना सविस्तर रिपोर्ट केला आणि त्यात माझी चूकही लिहिली. तराफा चालू देऊ नये, अशी विनंती केली. डेप्युटी कमिशनर साहेबांचा हुकूम आला, की माणसे सुरक्षित राहतील अशी व्यवस्था ठाणेदाराला पटेपर्यंत तराफा बंद.

आता व्यवस्था म्हणजे काय, हे मला कुठे माहीत होते? मी त्या मुकादमाहून शहाणा नव्हतो. नदीच्या वरच्या अंगाला एक म्हातारा नावाडी राहत असे. पावसाळ्यात तो लोकांना पैलतीरी नेई. त्याला बोलावले. तो तराफ्यावर चढला, इकडून तिकडे चालला, आडव्या लाकडाला बांधलेले दोर हातात घेऊन पाहिले आणि खाली टाकून दिले.

"हे कोनं केलं?"

मी सांगितले.

"जनावर बांधतात, साहेब. पान्यावर मानूस बांधत नाई." मग जरा थांबून म्हणाला, "पन त्या बिचाऱ्याले कोन सांगन? मले कोनी बलावलंच नाई. मी इथून कोसभर तं राह्यतो."

त्याने जे सांगितले ते सगळे गावात मिळण्यासारखे होते. वाळलेले मोठे दुधी भोपळे, दोन-दोन जोडून प्रत्येकाच्या छातीला, आणि त्यांची गाठ अशी, की एक टोक ओढले की सुटावी. तराफ्याच्या कडेने चारी बाजूंनी दोराचे फासे लोंबते सोडायचे, म्हणजे पडलेल्याला हात घालायला जागा मिळेल. दगड मधोमध लाकडी चौकटीत, हलणार नाहीत असे. डोंग्यांच्या बाहेरच्या अंगाला डांबराची रेघ, ती पाण्याला टेकली की त्यावर एकही दगड चढवायचा नाही. फळ्यांवर रोज सकाळी कोरडी वाळू. आणि तराफ्यामागे एक हलका डोंगा, त्यात पोहणारे दोघे, दुसरे काहीही काम न करता बसलेले. ठेकेदार म्हणाला, दोन माणसे रिकामी कशी बसवायची? मी म्हणालो, तराफा चालवायचा असेल तर ती रिकामीच बसतील.

आठवड्याने तराफा सुरू झाला. पूल पूर्ण होईपर्यंत आणखी तीन माणसे पाण्यात पडली. तिन्ही वेळा भोपळ्यांनी ती वर राहिली आणि मागच्या डोंग्यातल्यांनी ओढून घेतली. एकाचे तर पागोटेही भिजले नाही, असे मजूर हसत सांगत. मला हसू येत नसे. भोपळे त्या नदीकाठी आधीपासूनच होते.

खटला पावसाळ्यात उभा राहिला. ठेकेदाराने साक्षीत सांगितले की दोराविषयी आणि जास्त दगडांविषयी आपल्याला काहीही माहीत नव्हते, तराफा मुकादमाच्या ताब्यात होता. त्याच्याविरुद्ध कागद नव्हता आणि मुकादमाचा शब्द पुरला नाही. माझी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने पहिल्या दोन मर्गांचे कागद पुढे केले आणि मला मोठ्याने वाचायला लावले. पाण्यातील दगडांनी खरचटली असावीत, ही ओळ मी भरल्या कोर्टात वाचली. वकिलाने विचारले, "डोहाच्या तळाला दगड होते, हे तुम्ही पाहिलं होतं?" मी म्हणालो, नाही. "मग कशावरून लिहिलंत?" मी म्हणालो, मला सांगता येत नाही. मुकादमाला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. निकाल ऐकताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याच्या मागे तराफ्यावरचे पाचही जण उभे होते. त्याला बाहेर नेताना ते त्याच्या पाया पडले.

डांगरवाडीतल्या बाईने साक्ष दिली होती. भटारखान्याने तिची भाजी घेणे बंद केले. मला ते कळले तेव्हा मी भटारखान्यातल्या माणसाला बोलावून दम भरला. तिनेच मला अडवले. म्हणाली, "राहू द्या साहेब. दमावर नेलेली भाजी आज नेतीन, उद्या नेनार नाई. तुमी काही रोज इथं येनार हाय का?" पुढच्या उन्हाळ्यात त्या वाळूत ती वाडी दिसली नाही.

एक काम राहिले होते. पौषात मेलेल्या माणसाच्या घरी आमच्या कागदाने तो दारूत बुडाल्याचे कळवले होते. हे बरोबर करायला हवे, असे मला फार वाटू लागले. दिवाळीनंतर मी रजा काढली आणि शेंदूरजनाघाटला गेलो. आंबिया बहराची संत्री उतरत होती. रस्त्यावर गाड्याच गाड्या. विचारत विचारत एका बागेत पोहोचलो. त्या माणसाची बायको इतर बायकांबरोबर झाडाखाली बसून पेटाऱ्यांत तणस घालून संत्री भरत होती. तिशीतली असेल. मी गणवेशात नव्हतो. कोण, कुठला ते सांगितल्यावर ती उठून थोडी बाजूला आली.

मी सगळे सांगितले. तुझा नवरा दारू प्यालेला नव्हता, तो कागद चुकीचा होता, चूक माझी होती, कोर्टातही आता ते सिद्ध झाले आहे. मला वाटत होते, तिच्या डोक्यावरून एक ओझे उतरेल.

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तो शुद्धीत होता?"

मी झाडाखालच्या पेटाऱ्यांकडे पाहिले.

"लोक म्हनत, दारूड्या होता. मले लाज वाटे. पन मनात म्हनो, चला, पेलेला होता, तं त्याले काही समजलं नसन. झोपल्यासारखा गेला असन." ती माझ्याकडे पाहत होती. "त्याले समजत होतं का साहेब सारं?"

मी हो म्हणालो. खोटे बोलायची हिंमत त्या दिवशी झाली नाही. ते बरे केले की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि परत जाऊन पेटारा भरू लागली. जाताना तिने मला चार संत्री दिली. बागेत आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत म्हणून.

पुढे बढती मिळून मी अकोल्याला सर्कल इन्स्पेक्टर झालो. हाताखालच्या ठाणेदारांचे मर्गाचे कागद माझ्याकडे येत. "घातपाताचा संशय नाही" एवढ्यावर मी कोणाचा कागद पास केला नाही. विहिरीत बाई पडली तर विहिरीला कठडा होता का, जिनिंगमध्ये हात अडकला तर पट्ट्यावर झाकण होते का, नावेतून माणूस पडला तर नाव किती भरली होती, हे लिहून आणा, म्हणून परत पाठवत असे. ठाणेदार कुरकुरत. आम्हाला गुन्हेगार धरायचे काम आहे, कठडे मोजायचे नाही, असे एकाने तोंडावर म्हटले. वरिष्ठांनीही एकदा शेरा मारला की हा अधिकारी कामाच्या बाहेरच्या गोष्टींत वेळ घालवतो. मी ते सोडले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. कोणी कसा मेला हे विचारून माझे काम अर्धे होते. त्याच जागी उद्या उभा राहणारा माणूस कशाने वाचेल, हे विचारल्यावर ते पुरे होते. दिवाळीनंतरच्या त्या पहिल्या मर्गाच्या दिवशी, मुलाची आई काठावर बसलेली असताना, मी हा दुसरा प्रश्न विचारला असता, तर पुढची दोन माणसे जगली असती आणि एक भला माणूस तुरुंगात गेला नसता. त्याला शिक्षा झाली. मला झाली नाही.